पाण्याची हजेरी

पाणी चांगलें आहे कीं नाहीं हें पाहण्याची आपल्या वाडवडिलांची रीत साधी होती. तांब्या उजेडाकडे धरावा, वास घ्यावा, घोटभर चाखून पाहावें. रंग नाहीं, वास नाहीं, चव गोड आहे, म्हणजे पाणी चांगलें. ह्या रीतीस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. गढूळपणा, खारटपणा, कुजका वास हे दोष तिनें आजही कळतात. पुढें सूक्ष्मदर्शक यंत्र आलें आणि डोळ्यांस न दिसणारे रोगजंतु दिसूं लागले; तेव्हां पाणी गाळून व उकळून घेण्याचा पाठ शाळाशाळांतून दिला जाऊं लागला. तोही पाठ आज तितकाच खरा आहे. परंतु गेल्या शंभर वर्षांत आपल्या नद्यांत व विहिरींत तिसऱ्या प्रकारचे पाहुणे शिरले आहेत. ते उजेडांत दिसत नाहींत, सूक्ष्मदर्शकाखालीं दिसत नाहींत, आणि त्यांपैकीं पुष्कळ उकळल्यानेंही जात नाहींत. हे पाहुणे म्हणजे मनुष्यानें आपल्या सोयीसाठीं तयार केलेलीं सेंद्रिय रसायनें होत. पाण्याच्या एकाच नमुन्यांत अशीं शेंकडों द्रव्यें एकाच वेळीं कशीं शोधतात, आणि तशीं शोधण्याची गरज कां पडली, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून देण्याचा ह्या लेखांत आमचा विचार आहे.

प्रथम "सेंद्रिय" ह्या शब्दाविषयीं थोडा खुलासा केला पाहिजे. बाजारांत हल्लीं सेंद्रिय भाजी, सेंद्रिय गूळ असे शब्द ऐकूं येतात. तेथें कृत्रिम खतें व औषधें न वापरतां पिकविलेला माल असा त्याचा अर्थ असतो. रसायनशास्त्रांत मात्र ज्याच्या रेणूचा सांगाडा कार्बनच्या अणूंचा आहे तो पदार्थ सेंद्रिय. साखर सेंद्रिय आहे, रॉकेल सेंद्रिय आहे, तापावरची गोळी सेंद्रिय आहे, आणि पिकावर फवारलें जाणारें कीटकनाशकही बहुधा सेंद्रियच आहे. कार्बनचा अणु दुसऱ्या अणूंशीं सांखळ्या जोडण्यांत फार पटाईत. म्हणून अशा पदार्थांच्या संख्येस जणूं अंतच नाहीं. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत निरनिराळ्या देशांच्या नोंदवह्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हां उत्पादनासाठीं व वापरासाठीं नोंदलेलीं सर्व प्रकारचीं रसायनें व त्यांचीं मिश्रणें मिळून साडेतीन लक्षांहून अधिक भरलीं. हीं सारींच घातक आहेत असें नव्हे. परंतु त्यांतील कोणतें, केव्हां व कोठें पाण्यांत उतरेल, हें आधीं सांगणें कोणासही शक्य नाहीं.

आतां शाळेच्या हजेरीचा दाखला घेऊं. गुरुजी हजेरीपट उघडतात व एकेक नांव पुकारतात. "हजर" असें उत्तर आलें कीं खूण करतात. सारीं नांवें संपलीं म्हणजे कोण आला व कोण आला नाहीं हें त्यांस बिनचूक कळतें. पण समजा, मागच्या बाकावर परगांवचा एक मुलगा येऊन बसला आहे. त्याचें नांव पटावर नाहीं, म्हणून तें पुकारलें जात नाहीं. पुकारलें जात नाहीं म्हणून तो उत्तर देत नाहीं. आणि हजेरी संपली तरी त्याचा पत्ता कोणास लागत नाहीं. गुरुजींनीं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचें उत्तर खरें आहे, आणि तरीही वर्गांत कोण आहे ह्याचें ज्ञान अपुरें आहे. तो मुलगा सांपडावयाचा असेल तर पट मिटून डोळे वर केले पाहिजेत आणि प्रत्येक बाकावरचा चेहरा पाहिला पाहिजे.

पाणी तपासण्याची नेहमींची पद्धति ही पट वाचण्याची पद्धति आहे. प्रयोगशाळेजवळ एक यादी असते. डी.डी.टी. आहे काय? एंडोसल्फान आहे काय? अॅट्राझीन आहे काय? असे एकेक नांव घेऊन प्रश्न विचारतात, आणि त्या त्या द्रव्याचा शुद्ध नमुना जवळ ठेवून उत्तर ताडून पाहतात. पिण्याच्या पाण्यासाठीं आपल्या देशाचें जें आय.एस. १०५०० हें मानक आहे, त्यांतही कीटकनाशकांची अशी नांवनिशीवार यादी दिलेली आहे. ही यादी आवश्यकच आहे. कारण ज्याची मर्यादा ठरवावयाची त्याचें नांव ठाऊक असलेंच पाहिजे. तथापि तपासणीच्या कागदावर "आढळलें नाहीं" असा शेरा आला, तर त्याचा अर्थ इतकाच कीं, यादींतील द्रव्यें आमच्या यंत्रास दिसतील इतक्या प्रमाणांत आढळलीं नाहींत. पाण्यांत दुसरें कांहींच नाहीं, असा त्याचा अर्थ कधींच होत नाहीं. हा भेद लक्षांत न राहिल्यास काय होतें, ह्याचीं दोन उदाहरणें देतों.

पहिलें आपल्याच भूमींतलें आहे. मेलेलीं ढोरें टाकण्याच्या जागीं एके काळीं गिधाडांचे थवेच्या थवे उतरत, हें वडील मंडळींस आठवत असेल. १९९० नंतरच्या काळांत भारत, पाकिस्तान व नेपाळ ह्या देशांत हे पक्षी इतक्या झपाट्यानें मरूं लागले कीं पांढऱ्या पाठीच्या जातीचीं शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक गिधाडें नाहींशीं झालीं. मेलेल्या पक्ष्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालेलीं असत व आंतील अवयवांवर यूरिक ॲसिडचा पांढरा थर बसलेला दिसे. संशोधकांनीं पट वाचला: कीटकनाशकें, विषारी धातु, जंतु, विषाणु. कोणीही "हजर" म्हणेना. तेव्हां पाकिस्तानांत काम करणाऱ्या लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गुरांच्या डॉक्टरांस व औषधविक्रेत्यांस विचारलें कीं, जनावरांस अलीकडे असें कोणतें औषध दिलें जातें, जें मूत्रपिंडास बाधूं शकेल? उत्तर आलें, डायक्लोफेनॅक. सूज व वेदना ह्यांवरचें हें साधें औषध. माणसेंही घेतात तेंच. मूत्रपिंडें बिघडून मेलेल्या २५ गिधाडांपैकीं प्रत्येकाच्या शरीरांत तें सांपडलें, आणि तसा विकार नसलेल्या १३ गिधाडांपैकीं एकांतही सांपडलें नाहीं. हा शोध २००४ सालीं प्रसिद्ध झाला व २००६ सालीं भारत सरकारनें जनावरांसाठीं ह्या औषधाच्या उत्पादनास बंदी केली. औषध दुकानांत उघडपणें मांडलेलें होतें. फक्त विषांच्या पटावर त्याचें नांव नव्हतें.

दुसरें उदाहरण दूरचें, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिॲटल शहराच्या परिसरांतलें आहे. तेथें कोहो सॅल्मन नांवाचा मासा होतो. तो ओढ्यांत जन्मतो, समुद्रांत जाऊन वाढतो, आणि अंडीं घालण्यासाठीं पुनः गोड्या पाण्यांत परत येतो. शहरांतून वाहणारे ओढे लोकांनीं मोठ्या श्रमानें सुधारले आणि मासे परतूंही लागले. पण पावसाची सर येऊन गेली कीं तेच मासे पाण्याच्या पृष्ठभागावर येत, तोंडाची उघडझांप करीत, वेडेवांकडे पोहत, आणि कांहीं तासांतच मरत. अंडीं पोटांतच राहत. कांहीं ओढ्यांत परतलेल्या माशांपैकीं शंभरांतील चाळिसांपासून नव्वदांपर्यंत मासे असे अंडीं घालण्यापूर्वींच मरत. पाण्याची उष्णता, त्यांतील प्राणवायु, रोग, धातु, कीटकनाशकें, असा सारा पट येथेंही वाचून झाला. रस्त्यांवरून वाहून येणारें पावसाचें पाणी ह्यास कारण आहे, इतकें कळलें. पण त्या पाण्यांतील कोणतें द्रव्य, हें कळेना. गिधाडांच्या वेळीं विक्रेत्यांस विचारून नांव मिळालें. येथें तोही मार्ग नव्हता. कारण, पुढें दिसून आल्याप्रमाणें, हें विष कोणत्याच दुकानांत विकलें जात नव्हतें. येथें पट मिटून चेहरे पाहणें एवढाच उपाय उरला. ते कसे पाहतात, हें आतां क्रमानें सांगतों.

पहिली पायरी सार काढण्याची. हीं द्रव्यें पाण्यांत किती थोडीं असतात ह्याची कल्पना आधीं आली पाहिजे. शास्त्रज्ञ लिटरामागें एक नॅनोग्रॅम असें माप वापरतात. १०,००० लिटर पाण्याचा एक टँकर, असे १,००,००० टँकर ओळीनें उभे करावे, आणि त्या सर्वांत मिळून एक ग्रॅम द्रव्य मिसळावें. म्हणजे लिटरामागें एक नॅनोग्रॅम झालें. इतकें विरळ द्रव्य तसेंच तपासतां येणें कठीण. म्हणून पुष्कळदां पाणी एका बोटाएवढ्या नळींतून सावकाश सोडतात. नळींत खास तयार केलेले बारीक दाणे भरलेले असतात. सेंद्रिय द्रव्यें दाण्यांस चिकटतात व पाणी निघून जातें. मग मेथॅनॉलसारख्या द्रवानें ते दाणे धुतात, आणि तो द्रव आटवून लिटरभर पाण्यांतील ऐवज कांहीं थेंबांत आणतात. एकाच द्रव्याचा शोध करावयाचा असल्यास त्यालाच धरतील असे दाणे निवडतात. पण येथें कोण सांपडणार हें ठाऊक नसल्यामुळें निरनिराळ्या स्वभावाचे दाणे एकत्र भरतात, म्हणजे शक्य तितके कमी पाहुणे निसटतील.

दुसरी पायरी विभागणीची. ह्या थेंबांत हजारों द्रव्यें कालवलेलीं असतात. तीं एकदम यंत्रापुढें आणलीं तर गर्दींत कोणाचाच चेहरा नीट दिसणार नाहीं. म्हणून त्यांस एका ओळीनें आणावें लागतें. ह्या कलेचा मूळपुरुष मिखाईल त्स्वेत हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ होय. त्यानें एक कांचेची नळी खडूच्या भुकटीनें भरली आणि पानांचा अर्क तिच्यांतून सोडला. खालीं उतरतां उतरतां त्या एका रंगाचे निरनिराळे हिरवे व पिवळे पट्टे पडले. १९०६ सालीं त्यानें ह्या रीतीस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रंगांचें लेखन, असें नांव दिलें. जत्रेंतून घरीं निघालेल्या मंडळींकडे पाहिलें म्हणजे ह्यांतलें तत्त्व ध्यानांत येईल. निघतात सारे एकाच वेळीं. पण ज्यास प्रत्येक दुकानाशीं थांबण्याची हौस तो मागें राहतो, आणि ज्यास दुकानांची ओढ नाहीं तो सरळ घरीं पोहोंचतो. नळींतील भुकटीचे कण हीं दुकानें, आणि त्यांमधून वाहणारा द्रव हा रस्ता. जें द्रव्य कणांशीं अधिक रेंगाळतें तें उशिरा बाहेर पडतें. बाहेर पडण्याची ही वेळ म्हणजे प्रत्येक द्रव्याची पहिली ओळख.

तिसरी पायरी वजनाची. एकामागून एक बाहेर पडणाऱ्या रेणूंस विजेचा भार देतात व त्यांस पुढें ढकलतात. रिकाम्या गाडीस व भरलेल्या गाडीस सारखाच धक्का दिला तर रिकामी लवकर पुढें जाते. त्याप्रमाणें हलका रेणु आधीं पोहोंचतो व जड मागाहून. लागलेल्या वेळेवरून वजन काढतां येतें. दुसऱ्या कांहीं यंत्रांत वजन काढण्याची युक्ति निराळी असते, पण हेतु हाच. ह्या यंत्रास मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. आपण त्यास रेणूंचा तराजू म्हणूं या. उत्तम प्रतीच्या अशा तराजूची बारकाई थक्क करणारी आहे. शंभर किलो गव्हाच्या पोत्यांतून कोणी दहाबारा दाणे काढून घेतले तर तें वजनावरून ओळखावें, अशी ती बारकाई असते.

एवढी बारकाई कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास उत्तर एका उदाहरणानें देतों. कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन आणि एथिलीन हे तीन निरनिराळे वायु. त्यांच्या रेणूंचें वजन ठोकळ मानानें तिघांचेंही २८ च आहे. ढोबळ तराजूस ते तिघे एकच वाटतील. परंतु अणूंचीं खरीं वजनें पूर्णांकांत नसतात. कार्बनचें १२ धरलें तर हायड्रोजनचें १.००७८, नायट्रोजनचें १४.००३१ व ऑक्सिजनचें १५.९९४९ भरतें. त्यामुळें कार्बन मोनॉक्साइडचें वजन २७.९९४९, नायट्रोजनचें २८.००६१ आणि एथिलीनचें २८.०३१३ होतें. दशांश चिन्हाच्या पुढील आंकड्यांनीं तिघे वेगळे पडले. म्हणजे वजन पुरेसें बारीक कळलें तर रेणूंत कोणत्या मूलद्रव्यांचे किती अणु असावेत, ह्याचा हिशेब मांडतां येतो. गणिताच्या तासाला दशांश अपूर्णांक पाहून कपाळास आठ्या घालणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें विसरूं नये. क्लोरीनसारख्या मूलद्रव्याची तर आणखी एक खूण आहे. त्याचे अणु दोन वजनांचे असतात, ३५ व ३७, आणि त्यांचें प्रमाण सुमारें तिनास एक असें असतें. म्हणून ज्या रेणूंत क्लोरीनचा एक अणु आहे, त्याची आकृति यंत्रावर थोरल्या व धाकट्या भावासारखी जोडीनें उमटते. हायड्रोजन, कार्बन मोजावयाच्या आधींच अनुभवी नजर म्हणते, ह्यांत क्लोरीन आहे.

चवथी पायरी फोडण्याची. दोन द्रव्यांत अणूंची संख्या तीच, पण रचना निराळी, असें पुष्कळदां असतें. तेथें केवळ वजन पुरत नाहीं. म्हणून वजन केलेला रेणु वायूच्या कणांवर आदळून फोडतात व तुकड्यांचीं वजनें करतात. फुटलेल्या मडक्याचा कांठ व बुडखा पाहून कुंभार जसें सांगतो कीं ही घागर होती कीं हा रांजण, तसें तुकड्यांवरून रेणूची घडण ओळखतात. निघण्याची वेळ, बारीक वजन आणि तुकडे, ह्या तीन खुणा मिळाल्या म्हणजे चेहऱ्याचें वर्णन बरेंच पुरें झालें. अशा हजारों वर्णनांची यादी संगणक तयार करतो आणि ती पूर्वीं जमविलेल्या वर्णनांच्या संग्रहाशीं ताडून पाहतो. त्यांतून तीन वर्ग पडतात: ज्यांचें नांव पटावर आहे ते, पटावर नसले तरी ज्यांचें नांव ऐकून ठाऊक आहे ते, आणि अगदीं अनोळखी. बहुतेक नमुन्यांत ह्या तिसऱ्या वर्गाची संख्या सर्वांत मोठी असते.

आतां सॅल्मन माशांकडे वळूं. झेन्यू तियान, एडवर्ड कोलोजिएज, जेनिफर मॅकिंटायर व त्यांचे सहकारी ह्यांनीं मोटारींच्या टायरचा कीस पाण्यांत भिजविला. त्या पाण्यांत मासे मरत. पण तराजूवर पाहिलें तर त्यांत दोन हजारांहून अधिक द्रव्यांच्या खुणा उमटल्या. तेव्हां त्यांनीं त्या पाण्याचे भाग पाडले आणि प्रत्येक भाग लहान माशांवर तपासला. ज्या भागांत मासे जगले तो बाजूस ठेवला. ज्यांत मेले त्याचे आणखी भाग पाडले. असें करीत करीत शेवटच्या विषारी भागांत अवघ्या चार खुणा उरल्या, आणि त्यांत एकच प्रमुख होती. वजनावरून हिशेब मांडला: कार्बनचे १८ अणु, हायड्रोजनचे २२, नायट्रोजनचे २ व ऑक्सिजनचे २. टायरांत घालण्याच्या रसायनांच्या यादींत असा रेणु नव्हता. पण त्याच्याशीं मिळताजुळता एक होता. रबरास ओझोन वायूमुळें चिरा पडूं नयेत म्हणून टायरांत ६-पीपीडी नांवाचें द्रव्य घालतात. त्यांत कार्बन १८, हायड्रोजन २४ व नायट्रोजन २. हायड्रोजनचे दोन अणु गेले आणि ऑक्सिजनचे दोन आले कीं तोच हा अनोळखी पाहुणा. टायरचें रक्षण करीत असतां ६-पीपीडी स्वतः ओझोनशीं संयोग पावतें व त्यापासून ६-पीपीडी क्विनोन हें नवें द्रव्य बनतें. तें कोणीही मुद्दाम केलें नव्हतें, कोणीही विकलें नव्हतें. रस्त्यावर आपोआप तयार होऊन तें पावसाबरोबर ओढ्यांत जात होतें. संशोधकांनीं तें प्रयोगशाळेंत तयार केलें, माशांवर तपासलें, आणि मासे त्याच प्रकारें मेले. २०२० सालच्या डिसेंबरांत हा शोध प्रसिद्ध झाला.

ह्या कथेचा पुढील भाग आम्हांस तितकाच महत्त्वाचा वाटतो. किती प्रमाणांत अर्धे मासे मरतात, ह्याचा आंकडा प्रथम लिटरामागें सुमारें ८०० नॅनोग्रॅम असा दिला होता. पुढें शुद्ध नमुना तुलनेसाठीं मिळाला, तेव्हां त्याच संशोधकांनीं पुनः मोजमाप करून २०२२ सालीं ९५ नॅनोग्रॅम असा सुधारलेला आंकडा स्वतःच प्रसिद्ध केला. वरील हिशेबानें एक लाख टँकरांत ९५ ग्रॅम. २०२३ सालीं कॅलिफोर्निया राज्यानें ६-पीपीडी असलेल्या टायरांच्या उत्पादकांस दुसरें निर्धोक द्रव्य मिळतें काय ह्याचा शोध घेणें भाग पाडलें. हें द्रव्य जगभरच्या टायरांत वापरलें जातें. पण एवढ्यावरून आपल्याकडील मासे त्यानें मरतात असें म्हणणें घाईचें होईल. त्याच ओढ्यांतील चम जातीच्या सॅल्मनास ह्या पाण्याची तशी बाधा होत नाहीं. एका जातीचें विष दुसऱ्या जातीस तितकेंच विष असतें असें नाहीं.

शोध लागल्यावर आणखी एक सोय उपयोगी पडली. पूर्वीं केलेल्या तपासण्यांतून जपून ठेवलेले अर्क पुनः तपासले, तेव्हां सिॲटलप्रमाणेंच कॅलिफोर्नियांतील रस्त्यांवरून वाहिलेल्या पाण्यांतही हाच पाहुणा हजर असल्याचें दिसलें. पट वाचून केलेली नोंद फक्त विचारलेल्या नांवांचीच असते. चेहरे पाहून केलेली नोंद वर्गाच्या छायाचित्रासारखी असते. आज अनोळखी असलेल्या मुलाचें नांव दहा वर्षांनीं कळलें, तरी जुनें छायाचित्र काढून तो तेव्हां तेथें होता कीं नाहीं हें सांगतां येतें.

अशा छायाचित्रांचा दररोज उपयोग करणारी एक जागा युरोपांत आहे. १ नोव्हेंबर १९८६ च्या पहाटे स्वित्झर्लंडांतील बाझेल शहराजवळ सॅन्डोझ कंपनीच्या गोदामास आग लागली. गोदामांत १३०० टनांहून अधिक रसायनें होतीं. आग विझविण्यासाठीं मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकें व पाऱ्याचीं संयुगें ऱ्हाईन नदींत वाहून गेलीं, नदीचें पाणी तांबडें झालें, आणि शेंकडों किलोमीटरपर्यंत वाम व इतर मासे मेले. ह्याच नदीचें पाणी जर्मनी व नेदरलँड्स ह्या देशांतील लोकही पितात. ह्या अनर्थानंतर नदीकांठच्या राष्ट्रांनीं मिळून देखरेख कडक केली. बाझेलच्या किंचित् खालीं, वाइल आम ऱ्हाईन येथें, स्वित्झर्लंड व जर्मनी ह्यांनीं मिळून १९९३ सालीं एक पहाऱ्याचें ठाणें उभारलें. तेथें रात्रंदिवस नदीचें पाणी घेऊन दिवसाचा एक नमुना करतात, आणि पुढें त्याची तपासणी दररोज ह्या रेणूंच्या तराजूवर होऊं लागली. आजच्या खुणा कालच्या व परवांच्या खुणांशीं ताडून पाहतात. एखादी खूण एकाएकीं मोठी झाली किंवा नवीच उगवली, तर तिचें नांव कळण्याआधींच वरच्या बाजूस चौकशी सुरू करतां येते व खालच्या जलशुद्धिकेंद्रांस सूचना देतां येते. ह्या पहाऱ्यामुळें २०१४ ह्या एका सालांत, पूर्वीं कधींच न ओळखल्या गेलेल्या द्रव्यांचे दहा मोठे लोंढे उघडकीस आले. त्यांतील रसायनांचें एकंदर वजन २५ टनांहून अधिक होतें. पट वाचणारी तपासणी तेवढीच चालू असती तर ह्या दहाही दिवशीं "आढळलें नाहीं" असाच शेरा पडला असता.

इतकें वाचून ह्या यंत्रास सर्व कांहीं दिसतें, असा समज कोणी करून घेऊं नये. जें द्रव्य दाण्यांस चिकटत नाहीं तें पहिल्याच पायरीस निसटतें. जें विजेचा भार घेत नाहीं तें तराजूवर उमटत नाहीं. खूण मोठी उमटली म्हणजे द्रव्य फार आहे, असेंही नाहीं. कारण एक द्रव्य भार सहज घेतें व दुसरें कष्टानें. आणि सर्वांत मोठा धोका नांव देण्याच्या घाईचा आहे. संगणकानें सुचविलेलें नांव हें केवळ अनुमान असतें. चुकीचें नांव जाहीर झालें तर एखाद्या निरपराध कारखान्यावर आळ येईल, किंवा एखादें गांव आपल्या चांगल्या विहिरीस भिऊन दूरचें वाईट पाणी पिऊं लागेल. म्हणून एमा शिमान्स्की व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१४ सालीं निश्चितीच्या पांच पायऱ्या सुचविल्या, आणि शास्त्रज्ञ आतां त्यांचा सर्रास उपयोग करतात. सर्वांत खालची पायरी केवळ वजन ठाऊक असल्याची. तिच्यावर अणूंची संख्या ठरल्याची. तिच्यावर रचनेचा तर्क झाल्याची. तिच्यावर रचना बहुतेक निश्चित झाल्याची. आणि शुद्ध नमुना त्याच यंत्रावर ताडून पाहिल्यावर सर्वांत वरची. आपण कोणत्या पायरीवर उभे आहों हें प्रत्येक नांवापुढें लिहावें, असा हा दंडक आहे. माहितीबरोबर माहितीची खात्री किती, हेंही सांगणें हा शास्त्रांतला प्रामाणिकपणा होय.

पालकांस ह्यांतून एक व्यवहारी गोष्ट घेतां येईल. अमुक नदींत दोनशें रसायनें सांपडलीं, अशी बातमी वाचनांत आली तर भिऊन जाऊं नये व हंसण्यावारीही नेऊं नये. तीन प्रश्न विचारावे: तीं किती प्रमाणांत सांपडलीं? ओळख कितपत पक्की आहे? आणि तेवढ्या प्रमाणानें कोणाच्या जिवास काय होतें? उलट "तपासणींत कांहीं आढळलें नाहीं" असें कोणी सांगितलें, तर चवथा प्रश्न विचारावा: काय काय शोधलें होतें?

विद्यार्थ्यांनीं मात्र विचारून थांबूं नये, हातानें करून पाहावें. टिपकागदाची दोन बोटें रुंद पट्टी कापा. खालच्या टोकापासून दोन बोटें जागा सोडून, पाण्यानें पसरणाऱ्या काळ्या शाईचा एक ठळक ठिपका द्या. पेल्यांत बोटभर पाणी घेऊन पट्टीचें टोक त्यांत सोडा. ठिपका पाण्यांत बुडूं देऊं नका. पाणी कागदावरून वर चढूं लागेल आणि ठिपक्यास आपल्याबरोबर ओढील. पट्टी काढून वाळवा, आणि कोणते रंग, कोणत्या क्रमानें, किती अंतरावर उमटले, तें मोजपट्टी लावून वहींत लिहा. मग दुसऱ्या कंपनीची काळी शाई घेऊन तेंच करा. काळा म्हणून जो एक रंग आपण रोज वापरतों, त्यांत कितीजण गुपचूप बसलेले असतात तें दिसेल. लिहितांना एकच नियम पाळा. कोणते रंग निघतील ह्याची यादी आधीं करूं नका. जे निघतील तेच लिहा, आणि ज्याचें नांव सांगतां येत नाहीं त्याच्यापुढें "अनोळखी" असें लिहून जागा मोकळी ठेवा.